श्रीलंका: नुसती भटकंती की शेतावर मुक्काम?

तासगावच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या पोरीनं परदेशात जाऊन पुन्हा खुरपंच का धरावं, असं आई विचारते. मला तर त्यासाठीच जायचंय.

भटकंती सोपी. कँडी ते एल्ला रेल्वेचं साधं तिकीट, हॉस्टेलात एक खाट, भात-आमटी. मन मानेल तिथं उतरायचं. पण पैसे रोज खर्च होतात आणि ओळखी होतात त्या आपल्यासारख्याच प्रवाशांशी.

शेतावर साधारण ४ ते ६ तास काम, बदल्यात जेवण आणि निवारा. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘वूफ’ची, म्हणजे सेंद्रिय शेतांवर स्वयंसेवकांची सोय लावणाऱ्या चळवळीचीही हीच रीत. कँडीकडच्या परसबागांत नारळ, फणस, मिरवेल, लवंग एकाच तुकड्यात थराथरानं वाढतात. एका पिकावर वर्षाचा जीव टांगणाऱ्या आम्हा बागायतदारांना हे जवळून बघायलाच हवं. दमट हवा मात्र आपल्या कोरड्या उन्हापेक्षा जास्त दमवते, म्हणून काम पहाटेच उरकायचं.

अडचण व्हिसाची. पर्यटक व्हिसावर तिथं बिनपगारी कामही चालत नाही. योग्य परवाना मिळाला तर मी शेतच निवडेन. नाहीतर भटकंती करेन आणि अशा बागा पाहुणी म्हणून बघेन.