चौक, काचेची भिंत की खोल ओसरी?

नागपूरच्या बेसा-बेलतरोडीकडे लेआउटमध्ये प्लॉट घेतला आणि नकाशा काढायला बसलात, की हॉल बाहेरच्या मोकळ्या जागेला कसा जोडायचा हा प्रश्न येतोच. तीन पर्याय असतात: घराच्या मधोमध चौक, मागच्या अंगणाकडे सरकणारी काचेची दारं किंवा खोल ओसरी. कागदावर तिन्ही देखणे दिसतात. नागपुरात त्यांची परीक्षा मे महिन्यात होते, म्हणून निवडही तिथूनच सुरू करावी.

मे २०१३ मध्ये शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ते टोक सोडलं तरी ४४-४५ इथे नेहमीचेच. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि त्याच आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन दक्षिणेच्या भिंतीला जवळजवळ लागत नाही, ते छतावर पडतं. चारनंतर मात्र पश्चिमेकडून तिरपं आत घुसतं, आणि त्याला छज्जा अडवू शकत नाही. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणून तिकडच्या दारातून हवंहवंसं ऊन आत येतं. त्यामुळे घराची मोठी उघडी बाजू दक्षिणेला किंवा उत्तरेला ठेवावी. पश्चिमेला ती ठेवायचा आग्रह कोणी धरला, तर सरळ नाही म्हणा.

काचेच्या दारांचा मोह मला कळतो. हॉल दुप्पट वाटतो, स्वयंपाक करताना अंगणात खेळणारी मुलं दिसतात. पण दोन पल्ल्यांचं सरकतं दार पूर्ण उघडलं तरी अर्धीच वाट मोकळी होते. सगळी हवी असेल तर घडीची दारं लागतात आणि ती बरीच महाग पडतात. काचेतून एकदा आत आलेली उष्णता पडद्यानं परत जात नाही, सावली काचेच्या बाहेरच हवी. आणि कूलरचं काय? त्याला बाहेरची कोरडी हवा लागते, शिवाय खोलीतली हवा निघून जायला समोर वाट लागते. भिंतभर काच लावली की कूलरला जागाच उरत नाही आणि एप्रिलपासून एसीवर राहावं लागतं. काच लावणारच असाल तर शेजारी पक्क्या भिंतीत कूलरची खिडकी आजच नकाशात काढून घ्या.

आतबाहेर एकाच पातळीची फरशी हे या रचनेचं मोठं आकर्षण. मात्र काळ्या मातीच्या प्लॉटवर ती सांभाळणं कठीण. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे बाहेरची फरशी खालीवर होते. काळी माती काढून मुरूम भरून, थर नीट दाबून घेतले आणि दारापुढे लांबलचक जाळीची नाली काढली, तरच हा खर्च करावा. नाहीतर एक पायरी उतार ठेवलेला बरा. जुलैच्या सरीत पाणी हॉलमध्ये यायला नको.

चौक मला मनापासून आवडतो. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला. आतल्या खोल्यांना दिवसभर उजेड मिळतो, कूलरच्या हवेला सुटायला वाट मिळते, वाळवणं शेजाऱ्यांच्या नजरेआड होतात आणि आजीआजोबांना गेटबाहेर न जाता मोकळ्यावर बसता येतं. पण १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर मार्जिन, म्हणजे घराभोवती सोडावी लागणारी मोकळी जागा, सोडल्यावर उरलेल्या जागेत चौक काढला, तर खोल्या चिंचोळ्या होतात आणि चौकाचा नुसता डक्ट, म्हणजे अरुंद उभी पोकळी, होतो. ३००० चौरस फुटांच्या आसपास प्लॉट असेल तरच त्याचा विचार करा. पावसाळ्यात तिथे पाणी साचून डास होणार नाहीत असा उतार द्या. पुढेमागे वरून पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकायचा विचार असेल, तर चौक करूच नका. मेमध्ये त्याखाली उभं राहवत नाही.

बहुतेक कुटुंबांना मी ओसरी सुचवीन. आठ फुटांपेक्षा कमी खोल नको, नाहीतर झोपाळा टांगल्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. तिच्या छपरामुळे मागच्या भिंतीवर उन्हाळ्यात दुपारचं ऊन येत नाही. दक्षिणेला दहा फूट उंचीची ओसरी असेल, तर डिसेंबरात दुपारचं ऊन उंबरा ओलांडून दोनेक फूट आत येतं. सरी कोसळत असतानाही बाहेर बसता येतं, आणि डासांची जाळी इथे लावणं सर्वांत सोपं. हॉल थोडा अंधारतो, हे खरं. त्यासाठी दुसऱ्या भिंतीत उंचावर खिडकी द्या. ओसरी बांधकामाच्या क्षेत्रात धरली जाते का आणि मार्जिनमध्ये किती चालते, हे नकाशा मंजुरीला देण्याआधी आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

काचही हवीच असेल तर ती ओसरीच्या आत, सावलीत बसवा. पश्चिमेला जागा असल्यास पायापासून थोडं दूर करंज किंवा कडुनिंब लावा. दोन्ही झाडांना नवतप्याआधी नवी पालवी आलेली असते. साग मात्र नको, ऐन उन्हाळ्यात तो निष्पर्ण असतो.