सील नवं, टेप जुनी

ऑडिटसाठी दोन वर्षांपूर्वीची बिलं हवी होती. सर्व्हरवरचं ते फोल्डर कुणाकडून तरी चुकून उडालेलं, आणि ते लक्षात यायलाच कित्येक महिने गेले. तरी मी निर्धास्त होतो. आमचा बॅकअप रोज रात्री आधी डिस्कवर जातो आणि महिनाअखेरीस तिथून टेपवर, म्हणजे डब्यातल्या (कार्ट्रिजमधल्या) चुंबकीय फितीवर. डिस्कवर ३० दिवसांचंच राहतं, जुनं सगळं टेपवर. त्या महिन्याची टेप ड्राइव्हमध्ये घातली, रिस्टोअर लावलं आणि निम्म्यावर रीड एरर येऊन सगळं थांबलं. ड्राइव्ह साफ करणारी क्लीनिंग कार्ट्रिज फिरवून पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच थांबलं.

मग त्या वर्षाच्या सगळ्या टेपा एकेक करून तपासल्या. बारापैकी पाच पूर्ण वाचताच येईनात.

आमच्या टेपा एलटीओ या प्रकारच्या. एलटीओ कार्ट्रिजच्या आत एक बारीक चिप असते. टेप कधी तयार झाली, किती वेळा ड्राइव्हमध्ये चढली, तिच्यावर एकूण किती डेटा लिहिला गेला, याची नोंद ती ठेवत जाते. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या टूलने ती वाचता येते. मला हे माहीत होतं, पण वाचून पाहायची गरज कधी वाटली नव्हती. आमच्याकडे ती अडलेली टेप फार तर चार वेळा चढली असेल. चिपवर आकडा होता २१७. तयार झाल्याची तारीख आमच्या टेपखरेदीच्या बिलाच्या सहा वर्षं आधीची.

पुरवठादाराने या टेपा सीलबंद, नव्या म्हणून दिल्या होत्या, बिलावरही तसंच लिहिलंय. कार्ट्रिज उजेडात तिरकी धरली तेव्हा बारकोडच्या लेबलाखालून आधीच्या लेबलाचा चिकट डाग बाहेर आलेला दिसला. घेतल्या त्या दिवशी हे कुणी पाहिलं नाही. त्याहून जास्त लागली ती दुसरी गोष्ट. पहिल्यांदा लावताना त्यातल्या दोन टेपांवर सॉफ्टवेअरने विचारलं होतं, ‘या टेपवर आधीचा डेटा आहे, पुसायचा का?’ आमच्या ऑफिसातल्या मुलाने पुरवठादाराला फोन करून विचारलं, तर समोरून उत्तर आलं, “ते नेहमीच येतं, हो म्हणा.” कोऱ्या टेपवर असा प्रश्न येतच नाही.

जाब विचारला तर म्हणाला, “साहेब, डीगॉस करून सर्टिफाय केलेल्या आहेत, नव्यासारख्याच.” डीगॉस म्हणजे जोरदार चुंबकाने टेपवरचं सगळं पुसणं. हे तर धडधडीत खोटं. एलटीओ टेपवर ड्राइव्हच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला वाट दाखवणारे सर्व्हो ट्रॅक कारखान्यातच लिहिलेले असतात. डीगॉस केलं की तेही पुसले जातात आणि टेप कायमची बाद होते, ड्राइव्ह ती घेतच नाही. म्हणजे डीगॉस काही झालंच नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी डेटा वरवर पुसून टेप आम्हाला विकली होती.

टेपा किती लागतील हा हिशेबही त्यानेच करून दिला होता, एका एलटीओ-६ टेपवर ६.२५ टेराबाइट धरून. तो कॉम्प्रेस केल्यानंतरचा आकडा, मुळात जागा २.५ची. आमच्या स्कॅन केलेल्या फायली आधीच आवळलेल्या, त्या आणखी आवळत नाहीत. टेपा कमी पडल्या आणि त्यानेच आणखी विकल्या, त्याही तसल्याच.

तुमच्याकडे टेपा असतील तर आज एक काम करा. चिपवरचा लोडचा, म्हणजे टेप किती वेळा चढली त्याचा, आकडा काढा आणि तुम्ही ती किती वेळा लावली त्याच्याशी ताडून बघा. नवी घेताना पैसे द्यायच्या आधी, पुरवठादारासमोर. आणि डिस्कवरची प्रत व्यवस्थित आहे म्हणून टेपेलाही तसंच समजू नका. आमचा रोजचा रिपोर्ट हिरवा यायचा, तो फक्त डिस्कचा होता.

पैसे परत मिळाले नाहीत. बदली टेपा देऊ केल्या, त्या आम्ही घेतल्या नाहीत. बिलं कागदांवरून पुन्हा भरायचं काम हिशेबाच्या ताई गेले तीन आठवडे करतायत, आणि दोन फायलींचे तर कागदही सापडत नाहीत.