तेल मुरवलेला बुश म्हणून माथी मारलं भरीव पितळ

जुन्या गाडीचा डायनॅमो (वीज तयार करणारं यंत्र) दुरुस्तीला काढला असेल, तर नवा बुश (शाफ्ट, म्हणजे दांडा, ज्यात फिरतो ती छोटी नळी) घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. माझ्या आर्मेचरचा, म्हणजे डायनॅमोतल्या फिरत्या भागाचा, शाफ्ट खोट्या बुशपायी गेला, आणि ते अजून सलतंय.

अशा बऱ्याच डायनॅमोंत पुढे बॉल बेअरिंग असतं आणि मागे, कम्युटेटरच्या (वीज बाहेर देणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) बाजूला, छोटासा कांस्याचा बुश. हा ओतीव नसतो. तांबं आणि कथलाची भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजतात, त्यामुळे अंगभर बारीक छिद्रं राहतात. त्यांत आकारमानाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं तेल मुरतं. शाफ्ट फिरून बुश तापला की तेल बाहेर येतं, थंड झाला की पुन्हा आत ओढलं जातं. सगळी मदार त्यावरच.

विक्रेत्याने तेलकट कागदात गुंडाळलेला बुश दिला. “ओरिजिनल आहे, साहेब. पुन्हा बघायला नको.” रीतीप्रमाणे मी तो एसएई ३० इंजिन तेलात पूर्ण दिवस बुडवून ठेवला आणि मगच बसवला. थोड्याच दिवसांत डायनॅमो किंचाळायला लागला. खोलला तर पिवळा चुरा, कोरडाठाक बुश, शाफ्टवर नख अडकेल एवढे चरे, आणि आर्मेचर पोल शूला (भोवतीच्या स्थिर लोखंडी भागाला) घासलेलं. बुश करवतीने कापला. आत लख्ख, भरीव पितळ! तेल नुसतं वरून चोळलेलं. विक्रेता वर मलाच म्हणतो, “बसवताना चुकलं असेल.” हा सरळ खोटेपणा आहे.

म्हणून बुश दुकानातच तपासा. एका टोकाला बोट लावा, आत तेल भरा, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून जोरात दाबा. खऱ्या बुशच्या बाहेरच्या अंगावर घामासारखे थेंब फुटतात, भरीव असेल तर तेल फक्त टोकांतून निसटतं. वजनही बोलतं: सच्छिद्र कांस्याची घनता घनसेंटिमीटरला ६.४ ते ६.८ ग्रॅम, पितळाची ८.४च्या पुढे. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे.

आणि एक, बुश खरा असला तरी कारागिराला त्यात रीमर (भोक कापून मोठं करणारं हत्यार) घालू देऊ नका, छिद्रांची तोंडं बुजतात. शाफ्टच्या मापाचा पॉलिश केलेला मँड्रेल (गुळगुळीत दांडा) घालून दाबून बसवायला सांगा. पेट्रोलने धुऊ देऊ नका, मुरलेलं तेल निघून जातं. ग्रीस तर अजिबात नको.