प्रिकली मोझेस: दीड वर्ष काटे टोचून घेतल्यावर लिहितेय

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेटमध्ये घर घेतलं तेव्हा मागच्या फेन्सपाशी नुसती चिकणमाती होती, आणि फेन्सखालच्या फटीतून शेजारची दोन मांजरं रोज माझ्या मेथीच्या वाफ्यात येऊन घाण करायची. म्हणून मुद्दाम काटेरी काहीतरी शोधत होते. नर्सरीवाल्या बाईंनी अकेशिया व्हर्टिसिलाटा दिलं, इथे त्याला प्रिकली मोझेस म्हणतात. बायबलमधल्या मोझेसचा काही संबंध नाही बरं का, मिमोसाचा अपभ्रंश आहे म्हणे.

एक छोटं रोप आणलं आणि वर हौस म्हणून बियांचं पाकीट. पहिल्या बिया तशाच पेरल्या, महिनाभर काही नाही. मग कळलं की वॉटलच्या, म्हणजे इथल्या अकेशियांच्या, बियांचं साल दगडासारखं असतं, रानात वणवा लागून गेल्यावर ते तडकतं आणि मग बी रुजतं. दुसऱ्या खेपेला कपात बिया घालून वर उकळतं पाणी ओतलं आणि रात्रभर तशाच ठेवल्या, सकाळी ज्या मटकीसारख्या फुगल्या होत्या त्या पेरल्या, तीन आठवड्यांत उगवल्या. पण पानं बघते तर चिंचेसारखी! वाटलं भलतंच बी आलं. तसं नाही, कोवळेपणी खरी पानं येतात, नंतर ती बंद होऊन देठच चपटे होऊन टोकदार होतात, आपण ज्यांना काटे म्हणतो ते तेच. फांदीभोवती गोल झुपक्यांनी येतात, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचे.

मे महिन्यात, म्हणजे इथल्या शरदात, जमिनीत लावलं. हे बरोबर केलं, हिवाळ्याच्या पावसात मुळं धरली. चूक केली ती कोंबडीखत घालून, पानं पिवळी पडली, बहुतेक त्यामुळेच. इथल्या देशी झाडांना फॉस्फरस कमीच द्यायचा, आणि हे तर डाळींसारखं मुळांच्या गाठींतून नायट्रोजन स्वतःच मिळवतं, त्याला खत नाही घातलं तरी चालतं.

देशी झाड म्हणजे पाणी लागत नाही, हा माझा दुसरा गैरसमज. हे मूळचं व्हिक्टोरिया-टास्मानियातलंच, पण ओढ्याकाठचं, दमट जागेतलं, आणि लेबलवर तसं लिहिलेलं मी वाचलंच नाही. जानेवारीत पारा चाळिशीपार गेला आणि शेंडे वाळले. मग बुंध्याभोवती मल्चचं, म्हणजे पालापाचोळ्याचं, जाड आच्छादन आणि आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी, तेव्हा झाड जगलं. आता नर्सरीचं रोप छातीपर्यंत आलंय, बियांची दोन गुडघ्याएवढी.

ऑगस्टअखेर पहिल्यांदा फुललं. बाभळीसारखे गोल गोंडे नाहीत, फिकट पिवळे लांबट तुरे, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. आणि काट्यांचा खरा फायदा तेव्हा दिसला, निळी फेअरी-रेन, इथला एक चिमुकला पक्षी, आत शिरून बिनधास्त बसायची. मांजरं यायची बंद झाली.

तक्रारी आहेतच. वाळलेले काटे खाली पडतात, अनवाणी गेलात तर संपलात, म्हणून पायवाटेजवळ किंवा मुलांच्या झोक्यापाशी अजिबात लावू नका. आमचे क्रिकेटचे तीन बॉल आत आहेत, काढायची कुणाची हिंमत नाही. छाटायला चामड्याचे हातमोजेच लागतात, कापडी हातमोज्यांतून टोचतं. छाटायचं फुलं संपल्या संपल्या, हिरव्या फांद्यांचा तिसरा हिस्सा, जुन्या लाकडापर्यंत कापलं तर फुटत नाही. शिवाय वॉटल फार वर्षं जगत नाहीत म्हणून बियांची रोपं बाजूला वाढवतेय.

जाता जाता, अकेशिया हे नाव आधी आपल्या बाभळीचं होतं, २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या झाडांना दिलं, आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया. बाबांना सांगितलं तर अजून रागावलेत.

आईला फोटोत फुलं आवडली, सावंतवाडीला येताना बी आण म्हणाली. एक तर परवानगीशिवाय बी भारतात नेता येत नाही, आणि दुसरं म्हणजे तिच्या घरासमोरच्या रस्त्याला ऑस्ट्रेलियाचाच अकेशिया लावलाय ओळीने, त्याच्या पाचोळ्यावरून ती रोज चिडते. म्हटलं आई, तेवढा पुरे.