छोट्या पिस्तुलासाठी ११५ ग्रेन की १४७ ग्रेन?

९ मिमीची काडतुसं स्वतः भरायची तर ११५ ग्रेनची गोळी (सुमारे ७.५ ग्रॅम) घ्यावी की १४७ची (९.५ ग्रॅम)? हलकी गोळी वेगवान आणि सहसा स्वस्त, पण छोट्या पिस्तुलात तिचा धक्का झटक्यासारखा बसतो. जड गोळीचा धक्का ढकलल्यासारखा. ती बहुधा ध्वनीच्या वेगाखालीच राहते आणि जवळच्या अंतरावर नेम किंचित वर लागतो. मात्र ती लांब असते. केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या कवचात, खोल बसते, बंदुकीच्या दारूला जागा कमी उरते आणि जराशी जास्त आत गेली तरी दाब झपाट्याने चढतो. त्यामुळे ११५चं दारूचं माप १४७ला वापरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा! प्रत्येक वजनाचा तक्ता वेगळा. निव्वळ सरावाला मी ११५च घेईन. स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जाऊन पुढचं काडतूस नीट चढतंय ना, हे मात्र दोन्हींत तपासावं.