सिंगापूरमधला आमचा घर-एजंट: पाचपैकी तीन तारे

माणूस बोलायला गोड. फोन पहिल्या रिंगला उचलतो, बँकेची कागदपत्रं चोख करून घेतो, फ्लॅट दाखवताना नळ सोडून पाण्याचा जोरसुद्धा दाखवतो. दोन तारे कापले ते एकाच गोष्टीपायी. टॅम्पिनीस भागातला फोर-रूम फ्लॅट आम्हाला आवडला, भाव ठरत आला आणि मग साहेब म्हणतात, "मॅडम, या ब्लॉकमध्ये इंडियन कोटा फुल आहे."

अहो, हे आधी बघायचं ना! एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, साइटवर ब्लॉक (इमारत) टाकला की लगेच कळतं, आकडे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात.

नवीन आलेल्यांसाठी सांगते. १९६४ साली इथे चिनी-मलाय दंगली झाल्या होत्या. पुढे सरकारी वसाहतींतही लोक पुन्हा आपापल्यांत गोळा होऊ लागले, म्हणून १९८९ पासून कुठल्या वंशाची किती घरं असावीत यावर मर्यादा आली. आज एका ब्लॉकमध्ये चिनी ८७ टक्क्यांपर्यंत, मलाय २५, भारतीय आणि 'इतर' मिळून १५. म्हणजे आपण, तमिळ, फिलिपिनो सगळे एकाच डब्यात. तो डबा भरला की भारतीयाने त्याच डब्यातल्या मालकाकडून घ्यायचं. आमचा मालक चिनी, सौदा बोंबलला. पीआर, म्हणजे नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांना, आणखी एक कोटा आहे तो वेगळाच.

मला कोटा मान्य आहे. आमच्या भाड्याच्या घराखालच्या मोकळ्या तळमजल्यावर एका शनिवारी मलाय लग्नाची पंगत असते, दुसऱ्या आठवड्यात तिथेच चिनी मयताचा मांडव. कुणी नाक मुरडत नाही. मासे खाता म्हणून मुंबईत घर नाकारलेलं आहे आम्हाला, त्यामुळे याची किंमत कळते. पण भुर्दंड पडतो तो अल्पसंख्याकांवरच. चिनी कोटा भरलेल्या ब्लॉकमध्ये मलाय किंवा भारतीय मालकाला चिनी गिऱ्हाइकाला घर विकता येत नाही, आणि गिऱ्हाइकं तर बहुतेक चिनीच. मग घर पडून राहतं, भाव उतरवावा लागतो. २०२२ पासून अशा काही अडकलेल्यांची घरं एचडीबी स्वतः घ्यायला लागली, पण तेही दहा वर्षं मालकी असेल तर.

पुढे आम्हीच आधी कोटा बघून एजंटाला पत्ते पाठवायला लागलो. शेवटी बेडोकला एका तमिळ काकांचं घर मिळालं. स्वयंपाकघर अरुंद आहे, पण लिफ्ट दारात.

या एजंटाकडे जायला हरकत नाही, फी इतरांइतकीच आहे. फक्त घर बघायला निघण्याआधी ब्लॉकचा कोटा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा.