रिक्युपरेटिव्ह की रीजनरेटिव्ह? भट्टीचा बर्नर घेण्याआधी

दोन्ही प्रकारचे बर्नर धुरातली उष्णता घेऊन जाळायची हवा आधीच तापवतात, म्हणजे गॅस वाचतो. दोन्ही वापरून झालेत म्हणून लिहितोय. साकीनाक्याला गाळा आहे, ॲल्युमिनियमचं स्क्रॅप वितळवून कास्टिंग करतो, भट्टी पाइपच्या गॅसवर.

नुसता गॅस वाचवायचा असेल तर रीजनरेटिव्ह पुढे, त्यात वाद नाही. एक बर्नर पेटलेला असताना दुसरा आपल्या सिरॅमिक गोळ्यांच्या थरातून धूर खेचतो, अर्ध्या-एक मिनिटाने पाळी बदलते, आणि हवा त्याच तापलेल्या गोळ्यांतून ८०० डिग्रीच्या आसपास तापून येते. कल्पना जुनीच, फ्रेडरिक सीमेन्सने १८५६ मध्येच याचं पेटंट घेतलेलं. आमच्या रिक्युपरेटरमध्ये नळ्यांच्या आतून हवा आणि बाहेरून गरम धूर, त्यातून हवा ४००-५०० डिग्री मिळाली तरी खूप. बिलात फरक पडतो, मला तरी दिसला.

पण त्या गोळ्या! फ्लक्सची (धातू साफ करायला टाकतात त्या क्षाराची) वाफ आणि ड्रॉसची (वितळलेल्या धातूवरच्या मळीची) धूळ तिथेच जाऊन बसते, थर चोंदतो, सक्शन पडतं आणि भट्टीच्या दरवाजाच्या फटीतून ज्वाळा डोकावायला लागतात. मग बर्नर थंड करा, गोळ्या काढा, चाळा, धुवा, दर तिसरा रविवार यातच. गाळ्यात जागा किती असते माहितीये ना, शेजारच्याच्या शटरसमोर गोणपाट पसरून वाळत घालायच्या, आणि जुलैमध्ये त्या वाळतच नाहीत. एकदा ओलसरच भरल्या तर पेटवल्यावर किती वेळ नुसती वाफ. मिस्त्री म्हणाला, "शेठ, भट्टी चालवतोय का पापड वाळवतोय?" तिथेच माझं ठरलं.

रिक्युपरेटरही काही साधा नाही हां. लाइट गेली की ब्लोअर बंद, नळ्यांत वारा नाही आणि बाहेरून धूर तसाच तापलेला, धावत जाऊन बायपास डॅम्पर, म्हणजे धूर नळ्या टाळून बाहेर सोडणारी झडप, उघडावा लागतो. आम्हाला एकदा उशीर झाला, २ नळ्या वाकल्या. नळीला भोक पडलं तर गरम हवा गुपचूप चिमणीत जाते, ज्योत लांब आणि पिवळी होते, म्हणून धुरातला ऑक्सिजन रिक्युपरेटरच्या आधी आणि नंतर मोजत जा, नंतरचा जास्त आला की गळती समजायची. पण हे सगळं धरूनही रविवार घरी जातो.

नॉक्सचं (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडच्या प्रदूषणाचं) मात्र दोन्हीकडे विचारून घ्या, हवा जितकी गरम तितका तो वाढतो.

फोर्जिंगची (तापवलेलं लोखंड ठोकून घडवायची) १२०० डिग्रीची भट्टी, तिन्ही शिफ्ट, धूर त्यातल्या त्यात स्वच्छ, असं असेल तर माझं ऐकू नका, रीजनरेटिव्हच बघा. आमच्यासारखं फ्लक्सचं काम आणि छोटा गाळा असेल तर, बघा बुवा. गोळ्यांचे ३ ड्रम अजून पोटमाळ्यावर पडलेत, हवे असतील तर टेम्पो घेऊन या.